बायण्याच्या वाळूवरून दिसणारी थांबलेली बोट

मावळतीला गोव्यात, वास्कोतल्या बायण्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दोन-तीन मोठी जहाजं दिसतातच. माझी मामी तिथून पाच मिनिटांवर राहते. मी सुट्टीवर आलो की चहाबरोबर तिचा प्रश्न ठरलेला: “अरे, ती काळी बोट सोमवारपासून तिथंच आहे. बिघडली काय? की आतले सगळे झोपलेत?”

मी मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. गोव्यात आम्हाला तारवटी म्हणतात. तारवावर कामाला जातो तो तारवटी. इथे वाड्यावाड्यावर एखादा तारवटी सापडेल, पण जहाज बंदरात शिरतं म्हणजे नेमकं काय होतं, हे घरी कुणी नीट सांगत नाही. सुट्टीत बांगडे खायचे असतात, तेव्हा नांगराच्या गोष्टी कोण काढणार? पण एकदा योगायोगाने माझं जहाज कोळसा घेऊन इथल्या मुरगाव बंदरातच आलं, आणि मामीने वाळूवर उभं राहून ते थांबलेलं पाहिलं. त्यानंतर तिला जे समजावलं, ते इथे मांडतोय.

तिला सगळ्यात आधी न पटलेली गोष्ट म्हणजे, जमीन दिसली की आम्हाला हायसं वाटत नाही. उलट पोटात गोळा येतो.

भर समुद्रात जहाजाखाली तीन-चार हजार मीटर पाणी असतं. सुकाणू ऑटोपायलटवर, शेजारचं जहाज रडारवर दिसलं तर दिसलं. इंजिन बंद पडलं तर इंजिनियर मंडळी घाम गाळत दुरुस्त करतात, तोवर आपण वाहत राहायचं. आपटायला काही नसतंच. किनाऱ्याजवळ तेच इंजिन दहा मिनिटं रुसलं तर जहाज वाळूवर जाऊ शकतं. गोवेकरांना हे वेगळं सांगायला नको. २००० सालच्या जूनमध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ पावसाळी वाऱ्यात वाहत जाऊन कांदोळीच्या किनाऱ्यावर रुतली आणि दहा वर्षांहून जास्त काळ तिथंच गंजत पडली. २०१९ च्या ऑक्टोबरात नाफ्था भरलेली, आत एकही माणूस नसलेली ‘नु शी नलिनी’ वादळात वाहून दोनापावलाजवळच्या खडकांवर जाऊन बसली. जहाजाचा खरा वैरी समुद्र नाही, किनारा आहे. आणि बंदरात जायचं म्हणजे त्या वैऱ्याच्या मांडीवर जाऊन बसायचं, तेही हळूच, कुठे ओरखडा न उठवता.

त्यात जहाजाला ब्रेक नसतो. क्लच नाही, गिअरही नाही. आमच्यासारख्या मोठ्या मालवाहू जहाजाचं इंजिन थेट पंख्याच्या दांड्याला जोडलेलं असतं: इंजिन फिरलं की पंखा फिरणारच. मागे जायचं असेल तर इंजिन पूर्ण थांबवून उलट्या दिशेने पुन्हा सुरू करावं लागतं. आणि ते सुरू होतं दाबून भरलेल्या हवेने. सुमारे ३० बार दाबाच्या टाक्या असतात. नियम असा की हवा नव्याने न भरता इंजिन किमान १२ वेळा सुरू करता आलं पाहिजे. बारा म्हणजे पुष्कळ वाटतात. धक्क्याला लागताना पुढे-थांब-मागे-थांब करत ते कसे संपत जातात, हे इंजिनरूममधल्या माणसाला विचारा. वर ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, उगाच हुकूम बदलणारा ऑफिसर खाली कुणाला आवडत नाही, तो यामुळेच.

थांबायला अंतर किती लागतं? आंतरराष्ट्रीय निकष सांगतो की पूर्ण वेगात असताना इंजिन पूर्ण उलट फिरवलं तर जहाज आपल्या लांबीच्या १५ पटींच्या आत थांबलं पाहिजे. आमचं जहाज २२५ मीटरचं. म्हणजे सव्वातीन किलोमीटरहून जास्त. वास्को स्टेशनजवळ ब्रेक दाबायचा आणि दाबोळी विमानतळाच्या अलीकडे कुठेतरी गाडी उभी राहायची, तसं. आणि हा शेवटचा, जिवावरचा उपाय झाला. रोजच्या रीतीने वेग उतरवायला तासभर तरी घालवावा लागतो. समुद्रात आम्ही १३ नॉटने येतो, म्हणजे ताशी २४ किलोमीटर. स्कूटरवरून मासळी आणायला निघालेल्या मामाचा वेग. पण ८०,००० टन वजन त्या वेगाने निघालं की त्याला समजावायला वेळ लागतो.

म्हणून बंदर येण्याच्या बरंच आधी इंजिनरूमला फोन जातो. इंजिनाचे फेरे टप्प्याटप्प्याने उतरतात, उलटं फिरवून पाहतात, सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तपासतात, ऑटोपायलट काढून सुकाणी चाकावर उभा राहतो. पुढच्या टोकाला सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, दोन माणसं घेऊन नांगर मोकळा करतो. सारंग, सुकाणी, तांडेल हे शब्द जहाजांवर अजून जिवंत आहेत. जुन्या खलाशांच्या तोंडी तर ‘हबेस’ म्हणजे ओढा आणि ‘आऱ्या’ म्हणजे सोडा. कागदपत्रं सगळी इंग्रजीत, पण दोर ओढताना ‘हबेस’ म्हटल्याशिवाय जोर येत नाही.

आता मामीची ती थांबलेली बोट.

नांगर टाकला की जहाज खिळलं, असा समज आहे. आमचा नांगर आठ-दहा टनांचा, पण खरं काम साखळी करते. नांगर वर ओढला तर तो सुटतो. आडवा ओढला तर चिखलात आणखी रुततो. म्हणून साखळी भरपूर सोडायची. तिचं वजन तळावर पसरून पडलं की जहाजाचा हिसका नांगरापर्यंत आडवाच पोचतो. साखळी मोजतात शॅकलमध्ये, आणि एक शॅकल म्हणजे पंधरा वाव, साडेसत्तावीस मीटर. आपल्या कोळ्यांचा वाव तो हाच. वीस मीटर खोलीला पाच शॅकल सोडले तर झाली १३७ मीटर साखळी. त्यात जहाजाची लांबी मिळवा: वारा फिरला की साधारण ३६० मीटर त्रिज्येचं वर्तुळ हे जहाज झाडत फिरणार. शेजारची बोट एवढी लांब का उभी असते, याचं उत्तर या वर्तुळात आहे.

यातून एक गंमत बघता येते. थांबलेली सगळी जहाजं बहुधा एकाच दिशेला तोंड करून उभी असतात, देवळावरच्या पताकांसारखी. हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारी वारा समुद्राकडून येतो तेव्हा त्यांची तोंडं समुद्राकडे. पहाटे जमिनीकडून वारा सुटला की तोंडं आपल्याकडे. मधे प्रवाहाने वाकडी झाली तर भरती-ओहोटीची पाळी बदलतेय असं समजावं. आणि एखादीच बोट बाकीच्यांसारखी वळत नसेल, वाऱ्याला आडवी होऊन सरकत असेल, तर तिचा नांगर घसरतोय. त्या वेळी आत कुणी झोपलेलं नसतं.

एरवीही नसतं. नांगरावर असताना ब्रिजवर चोवीस तास एक ऑफिसर असतो. दर थोड्या वेळाने आग्वादचा दिवा, काबोचं टोक यांच्या दिशा मोजायच्या, जीपीएसवर आखलेल्या वर्तुळाबाहेर आपण गेलो नाही ना ते पाहायचं. रात्री जहाज दिव्यांनी झगमगतं, त्यावर मामीचं म्हणणं “वीज फुकट मिळते वाटतं!” पण तो नियम आहे. १०० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाने नांगरावर असताना डेकवरचे दिवे लावायलाच हवेत, म्हणजे रात्री जाळी घेऊन निघालेल्या होडीला हा काळा डोंगर दिसेल. दिवसा पुढच्या भागात एक काळा गोळा टांगलेला असतो, त्याचाही अर्थ हाच: मी नांगरावर आहे.

पण सोमवारपासून का? धक्का रिकामा नसतो, पुरेशी भरती नसते, आधीच्या जहाजाचा माल उतरायचा असतो. हे सगळ्यांना कळतं. न कळणारी गोष्ट पैशाची आहे.

जहाज एकाचं, माल दुसऱ्याचा, आणि मधे करार. करारात लिहिलेलं असतं की माल दिवसाला अमुक टन या दराने उतरवायचा. समजा माल ७०,००० टन आणि दर २०,००० टन. मालवाल्याला साडेतीन दिवस मिळाले. त्याहून उशीर झाला तर दिवसागणिक दंड. रेल्वेच्या मालधक्क्यावर वाघीण वेळेत रिकामी केली नाही की लागतो तोच डेमरेज. आता भांडण असतं घड्याळ कधी सुरू झालं यावर. त्यासाठी कॅप्टन पोचताक्षणी एक नोटीस धाडतो: आम्ही आलो, सर्व बाजूंनी तयार आहोत. नोटिशीनंतर करारात ठरलेले काही तास गेले की घड्याळ चालू. म्हणून धक्का चार दिवस रिकामा होणार नाही हे माहीत असूनही जहाज इंधन जाळत घाईघाईने येतं आणि येऊन उभं राहतं. हळू आलो असतो तर तेल वाचलं असतं, धूर कमी झाला असता. सगळ्यांना पटतं, पण रांगेत नंबर लावायचा तर आधी रांगेत पोचलं पाहिजे. मला विचाराल तर या अख्ख्या धंद्यातला सगळ्यात खुळा भाग हा.

२०१०-११ साली, खाणी जोरात असताना, मुरगावने वर्षाला सुमारे ५ कोटी टन माल हाताळला होता. तेव्हा मांडवी-झुआरीतून खनिजाच्या बार्जेसची रांग लागायची. पावसाळ्यात मांडवीचं तोंड वाळूच्या दांड्यामुळे धोक्याचं होतं, मग बार्जेस कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायच्या. २०१२ च्या खाणबंदीनंतर तो आकडा निम्म्याहून खाली आला. आता आत येणारा कोळसा जास्त, तो रेल्वेने घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो.

आमचा नंबर लागला गुरुवारी संध्याकाळी. ती वेळ कुणाच्या सोयीची नव्हती, भरतीची होती. मार्ग आखण्याचं काम सेकंड ऑफिसरचं, तेव्हा हा हिशोब माझा.

नकाशावर लिहिलेली खोली ही जवळजवळ सगळ्यात कमी पाण्याची असते. त्यावर भरती मिळवायची. आपल्याकडे उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) चढ-उतार दोनेक मीटरचा, भांगेला (अष्टमीच्या सुमारास) त्याहून बराच कमी. समजा मार्गात नकाशाप्रमाणे १४ मीटर आहे आणि त्या वेळची भरती दीड मीटर. झाले साडेपंधरा. जहाज पाण्यात १३.२ मीटर बुडालेलं, यालाच ड्राफ्ट म्हणतात. उरले २.३ मीटर. भरपूर? थांबा.

जहाज चालू लागलं की ते जास्त बुडतं. खाली जागा कमी, त्यातून पाणी जोरात मागे पळतं, जोरात पळणाऱ्या पाण्याचा दाब उतरतो आणि जहाज खाली बसतं. यालाच स्क्वॉट म्हणतात. अंदाजाचं सूत्र सोपं आहे: वेगाचा वर्ग, गुणिले जहाजाच्या भरीवपणाचा आकडा, भागिले १००; अरुंद मार्गात भागिले ५०. आमच्यासारख्या पेटीसारख्या जहाजाचा भरीवपणा ०.८५. वेग ८ नॉट धरला तर अरुंद मार्गात जहाज जवळपास १.१ मीटर खाली बसणार. उरले १.२. मग समुद्राची उसळ. जहाज ३२ मीटर रुंद आहे, ते फक्त दोन अंश कललं तरी एका बाजूची कड अर्धा मीटरहून जास्त खाली जाते. उरले साठ-पासष्ट सेंटिमीटर. पावसाळा असेल तर आणखी एक: झुआरीतून गोडं पाणी येतं, ते खाऱ्या पाण्याइतकं जहाजाला उचलत नाही. पूर्ण गोड्या पाण्यात असं जहाज आणखी तीसेक सेंटिमीटर बुडेल. खाडीच्या तोंडाशी पाणी मचूळ असतं, म्हणून तेवढं नाही, पण थोडं धरावंच लागतं.

मग हळू जा ना! वेग निम्मा केला तर स्क्वॉट चौथाई होतो, बरोबर. पण सुकाणूला पाणी लागतं. तीन-चार नॉटच्या खाली सुकाणू ऐकेनासं होतं, आणि आडवा वारा जहाजाला मार्गाच्या कडेला ढकलू लागतो. जोरात गेलो तर तळ जवळ, हळू गेलो तर कड जवळ. बंदरात जहाज आणण्याची सगळी कला या दोन वाक्यांमधल्या फटीत बसते.

त्या फटीतून रोज जाणारा माणूस म्हणजे पायलट. (“विमानाचा?” मामी. दाबोळीशेजारी राहिल्यावर दुसरं काय सुचणार.) बंदराचा हा जाणकार छोट्या लाँचमधून येतो आणि चालत्या जहाजाच्या कुशीला लोंबणाऱ्या दोराच्या शिडीवरून चढतो. पाण्यापासून डेक ९ मीटरहून उंच असेल तर निम्म्यात दोरशिडी आणि पुढे जहाजाचा तिरका जिना, अशी जोडणी करावी लागते. आम्ही जहाज थोडं वळवून लाट आपल्या अंगावर घेतो, म्हणजे शिडीच्या बाजूला पाणी शांत राहतं. लाँच वर-खाली होत असते. लाटेच्या माथ्यावर असतानाच शिडी धरायची, खाली असताना धरली तर पुढच्या लाटेला लाँच येऊन पाय चिरडते. जगभरात या शिडीवर दरवर्षी माणसांचे जीव जातात. त्या दिवशी चढून आलेले पायलट पन्नाशीच्या पुढचे होते. वर येऊन त्यांनी आधी रुमालाने चष्मा पुसला आणि मग विचारलं, “ड्राफ्ट किती?”

पायलट आला म्हणून कॅप्टन सुटला, असं नाही. हुकूम कॅप्टनचा, सल्ला पायलटचा, अशी रीत आहे. पायलट “पोर्ट टेन” (सुकाणू डावीकडे दहा अंश) म्हणतो, सुकाणी मोठ्याने “पोर्ट टेन” म्हणतो, चाक वळल्यावर पुन्हा सांगतो की झालं. शाळेत पाढे म्हटल्यासारखं वाटतं खरं. पण अंधारात डावं-उजवं एकदा चुकलं तर दुसरी संधी नसते, आणि दमलेला माणूस डावं-उजवं चुकतो.

मार्गात शिरल्यावर सगळ्यात जास्त घाम फोडतात ते ट्रॉलर. जून-जुलैच्या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत समुद्र मोकळा असतो; एक ऑगस्टनंतर खारीवाड्याच्या बोटी बाहेर पडतात आणि आमच्यापुढून आडव्या जातात. अरुंद मार्गात त्यांनी आम्हाला अडवायचं नाही, हा नियम. पण त्यांच्या जाळ्याखाली मासा असतो, आणि माशाला नियम माहीत नसतो. रेडिओवर हाक मारली तर उत्तर येईलच असं नाही. मग भोंगा: पाच झटपट छोटे. बंदरावरच्या सड्यावर राहणाऱ्यांनी तो ऐकला असेल. त्याचा अधिकृत अर्थ ‘तुमचा इरादा मला कळत नाही’. अनधिकृत अर्थ मी इथे लिहीत नाही.

लाटरोधक भिंतीच्या आड आलो की एकदम पाणी निवतं. इथून माझी जागा बदलते. धक्क्याला लागताना चीफ ऑफिसर पुढे, मी मागे, थर्ड ऑफिसर कॅप्टनबरोबर ब्रिजवर. मागून मला पुढचं काहीच दिसत नाही. दिसतो तो टग (जहाजाला ओढणारी-ढकलणारी छोटी, ताकदवान बोट), पंख्याचा फेस आणि हळूहळू जवळ येणारा धक्का. कानाला वॉकीटॉकी, आणि दर मिनिटाला मी वर अंतर सांगतो: चाळीस मीटर, तीस, वीस.

शेवटचे काही मीटर टग ढकलतात. वेग ठेवायचा सेकंदाला दहा-पंधरा सेंटिमीटर, मुंगीने पुढे जावं इतका. तेवढ्यानेही काय होतं बघा: ८०,००० टन, सेकंदाला १५ सेंटिमीटर, या धडकेत जितका जोर आहे तितका दहा टनांचा भरलेला ट्रक ताशी ४८ किलोमीटरने भिंतीवर आदळण्यात आहे. तो जोर धक्क्याच्या रबरी फेंडरने गिळायचा. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. म्हणून शेवटच्या वीस मीटरला कधीकधी दहा मिनिटं लागतात आणि त्या वेळात कुणी एक शब्द जास्त बोलत नाही.

मग दोर. आधी पातळ दोरी, तिच्या टोकाला विणलेली जड गाठ, ती फेकायची. धक्क्यावरचे लोक तिने जाड दोर ओढून घेतात. बहुधा पहिला जातो स्प्रिंग, म्हणजे जहाजाला पुढे-मागे सरकू न देणारा तिरका दोर. या कामात मी माणसांच्या पायांकडे बघत असतो. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा मागे येतो, आणि आवाज ऐकून बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. दोराच्या रेषेत उभा दिसला की मी ओरडतो, मग तो माझ्या वडिलांच्या वयाचा सारंग का असेना.

सगळे दोर आवळून झाले तेव्हा दहा वाजायला आले होते. फोनला रेंज आली आणि मामीचाच फोन. “अरे, ती बोट हलली! तूच ना त्यात?” सड्याच्या टेकडीवरचे दिवे मला मागच्या डेकवरून दिसत होते. “मग येतोस जेवायला? हुमण केलंय.”

जाता येत नव्हतं. जिना लावल्याबरोबर एजंट, आरोग्य खातं, कस्टम, इमिग्रेशन एकामागोमाग एक. आरोग्याचा परवाना मिळेपर्यंत पिवळा झेंडा वर, तो उतरला की बाकीच्यांची कागदं. मग पुढे-मधे-मागे पाण्याच्या खुणा वाचून माल किती आहे त्याचा हिशोब. आणि रात्री बारा ते चारची पाळी माझीच. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ती दोन तुकड्यांत घेता येते, आणि बंदरात तिचा मोठा तुकडा कुठे बसवायचा हेही एक कोडंच असतं.

मामीने हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याच्या हातून डबा पाठवला. तो बंदराच्या गेटवर अडला, कारण पास नव्हता. चूक माझी, एजंटला आधी सांगायचं मी विसरलो होतो. मी खाली मालाच्या कामात, फोन केबिनमध्ये. दीड तासाने पाहिला तर तिचे सात कॉल. आठवा मी उचलला.

“डबा पोचलाय आणि सर्व बाजूंनी तयार आहे,” मामी म्हणाली. “घड्याळ चालू झालं असं समज.”